थंडीत आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर येणाऱ्या पाखरांना निघायची वेळ कशी कळते?

ती थंडीची वाट पाहत बसत नाहीत. दिवस लहान व्हायला लागला की अंगातले हार्मोन बदलतात, पाखरू अधाशासारखं खातं, चरबी साठवतं आणि निघतं.

आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या तलावांवर उतरणारा पट्टकादंब घ्या. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे. अंडी घालतो तिकडे तिबेट-मंगोलियात. तिथली तळी गोठली की चारा संपतो, म्हणून हिमालय ओलांडून इकडे. 7 हजार मीटरहून उंच उडताना त्याची नोंद झाली आहे! इथे मात्र दिवसभर पाण्यावर डुलक्या, अन् अंधार पडला की शेतातलं कोवळं पीक. शेतकऱ्याच्या शिव्या खातो तो त्यामुळेच.

सगळीकडे थंडीच कारण नसते. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, म्हणजे गवत खाणारे मोठे शिंगवाले प्राणी, पावसामागे, खरं तर कोवळ्या गवतामागे, वर्षभर फिरतात. आणि आपला चातक तर मृगाच्या सुमारास पावसाळी वाऱ्यांवर आफ्रिकेतून येतो. अंडी टाकतो सातभाईच्या घरट्यात. पिल्लं वाढवायचं काम बिचाऱ्या सातभाईकडे.