टोपी बदलली? आधी रिकामी वाजव

बापू, शेतरक्षणाच्या परवान्यावर तुझ्या नावे झालेली ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून बारूद ठासून भरायची) अन् दुकानातून आणलेल्या दुसऱ्या कंपनीच्या टोप्या (ठोका बसला की ठिणगी पाडणाऱ्या धातूच्या चिमुकल्या वाट्या), दोन्ही तुला नवीन. मापाचा नंबर तोच असला तरी निपलवर, म्हणजे टोपी बसते त्या पोकळ खुंटीवर, ती तशीच बसेल, हे गृहीत धरू नको. सैल असली तर बांधावरून चालतानाच गळून पडते. घट्ट असली तर घोड्याचा पहिला ठोका टोपी खाली बसवण्यातच जातो, बार होत नाही. मग माणूस चिडून नळीत डोकावतो. तिथंच घात होतो, लेका.

म्हणून आधी बंदूक रिकामी आहे का, ते गज घालून बघ. नळी गवताच्या पात्याकडे धरून नुसती टोपी वाजव. पातं हललं, तर निपलची वाट मोकळी.

नवी टोपी जास्त जोराची असू शकते. बंदूक बनवणाऱ्यानं सांगितलेल्या बारुदीच्या कमीत कमी मापापासूनच पुन्हा सुरुवात कर. टोपी अन् बारूद एकाच दिवशी बदलू नको, नाहीतर फरक कशानं पडला ते कळत नाही. काडतुसातली बिनधुराची बारूद तर कधीच नाही, नळी फाटते.

बंदूक भरताना टोपी सगळ्यात शेवटी बसव. वाजली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून पूर्ण एक मिनिट थांब, मग टोपी काढ. (आमच्या काकांना तेवढा धीर नव्हता, भुवई गेली, डोळा वाचला.)

अन् परवाना हातात आहे म्हणून रानडुकरावर बार टाकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं वनखात्याची परवानगी वेगळी लागते.