पाठ संपण्याआधीच आकलन तपासा

नागरी हक्कांचा पाठ शिकवताना आपण घटक चाचणीची वाट पाहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कारण एखाद्या आंदोलनाचे साल अचूक लिहिणाऱ्या मुलालाही त्या दिवशी नेमके काय मागितले गेले, हे पुष्कळदा सांगता येत नाही. फोंड्यातील एका वर्गात १८ जून १९४६ ची मडगावची सभा शिकवल्यावर, तास संपायला पाच मिनिटे असताना, मी वहीच्या अर्ध्या पानावर एकच प्रश्न लिहायला दिला: डॉ. राममनोहर लोहिया यांना अटक का झाली? बहुतेकांनी ‘गोवा मुक्त करा म्हणाले म्हणून’ असे लिहिले. पोर्तुगीज राजवटीत परवानगीवाचून सभेत बोलणेच निषिद्ध होते आणि झगडा आधी त्या हक्कासाठी होता, हे निसटले होते. दुसऱ्या दिवशी ती उत्तरे, नावे न सांगता, मी फळ्यावर मांडली आणि पाठ तिथूनच पुढे नेला. या पानांना गुण मात्र देऊ नका. गुण आले की मुले पाठ केलेलेच लिहितात. पुढे अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी केलेला १९५५ चा बस-बहिष्कार शेजारी ठेवून, दोन्हीकडे कोणता हक्क नाकारला होता, हे विचारा आणि जो अडखळेल त्याच्यापाशी थांबा.