सोलापूरच्या गिरण्या बुडाल्या, तरी तुम्ही जागतिकीकरणाचे समर्थन कसे करता?

खुल्या व्यापाराने आणि खासगी भांडवलाने सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावाची वाताहत केली असताना इथलाच माणूस त्यांची बाजू कशी घेतो, असे आपण विचारले आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत वाढलो, घरात यंत्रमाग होते आणि गेली वीस वर्षे मी टॉवेलच्या निर्यातीची कागदपत्रे तयार करतो. माझे पोट या व्यापारावर चालते, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु आपल्या प्रश्नात गृहीत धरलेला घटनाक्रमच मला मान्य नाही.

जिला आपण जुनी मिल म्हणतो, ती शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी ऑगस्ट १९४९ मध्येच एकदा बंद पडली होती. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला, तेव्हा कारण दिले होते ते गैरव्यवस्थापनाचे आणि हेळसांडीचे. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९५० मध्ये हरला. १९५३ मध्ये दुसऱ्या भागधारकाच्या खटल्यात मात्र, भरपाई न देता मालमत्ता अशी काढून घेता येणार नाही, असा निकाल लागला, आणि १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते त्यांत हाही एक होता. (कायद्याचे विद्यार्थी हे खटले देशभर अभ्यासतात, आमच्या गावात ते फारसे कोणाला ठाऊक नसतात.) पुढे १९५६ पासून हातमागाच्या रक्षणासाठी गिरण्यांना माग वाढवण्यावर सरकारने बंधने घातली. गिरणीला माग वाढवता येईनात, तेव्हा कापड विणण्याचे काम भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव आणि आमच्याच पूर्व भागातल्या छोट्या शेडमध्ये गेले, कारण तिथे ना गिरणीइतके कर होते ना गिरणीइतके कामगार कायदे. काही गिरण्यांना कायमचे टाळे १९९१ नंतर लागले हे खरे आहे. पण त्या खंगल्या त्या परवान्यांच्या आणि कोट्यांच्या राज्यात, जेव्हा परदेशी कापडाला देशात जवळजवळ प्रवेशच नव्हता.

आता टॉवेलचे पाहा. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंग यांनी सीमाशुल्काची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर आणली, आणि ती तेव्हा मोठी सवलत मानली गेली. यावरून आधी काय परिस्थिती असेल याची कल्पना यावी. २००७ पर्यंत बिगरशेती मालावरची ही मर्यादा १० टक्क्यांवर आली. धोट्याच्या जुन्या मागावर परदेशी गिऱ्हाइकाला हवी तशी एकसारखी वीण आणि मोठा पन्हा (कापडाची रुंदी) देणे अवघड असते. त्यासाठी रॅपियर माग, म्हणजे धोट्याशिवाय चालणारा आधुनिक माग लागतो, आणि तो बाहेरून आणायचा तर आयातकर कमी असावा लागतो. आयात रोखली की निर्यातही अडते, ही गोष्ट पुस्तकात वाचून मला कधी पटली नसती. ती मागाच्या किमतीवरून पटली. १ जानेवारी २००५ रोजी श्रीमंत देशांचे कापडाच्या आयातीवरचे कोटे (ठरवून दिलेल्या मर्यादा) संपले, तेव्हा विणकराला आणखी एक दार उघडे झाले. उलट २०१४ पासून पाकिस्तानच्या टॉवेलला युरोपात करमाफी मिळाली आणि आपल्या टॉवेलवर कर लागत राहिला, तेव्हा काही टक्क्यांच्या फरकाने ऑर्डरी कशा कराचीकडे वळतात हेही मी पाहिले आहे.

सोलापुरी चादरीची बाजू मात्र मला इतक्या सहज मांडता येत नाही. भौगोलिक मानांकन मिळूनही तिचा खप घटला, कारण कृत्रिम धाग्याचे हलके, मऊ मिंक ब्लँकेट स्वस्तात मिळू लागले. यात चादरीवर पोट असलेल्यांचे नुकसान झाले, आणि ते झालेच नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु ब्लँकेट विकत घेणारी बाई बहुधा विड्या वळून घर चालवणारी असते, आणि तिने विणकराच्या भल्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे तिला सांगण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. आमच्या घरातही मिंकच आहे. बुडालेल्या विणकराला नवे काम शिकण्यासाठी आणि तोवर तगून राहण्यासाठी सरकारी खजिन्यातून मदत द्यावी. तो खर्च गरीब गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये.

शेतकऱ्याच्या बाबतीत तर दार बंद करण्याचा अर्थ अगदी उघड आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, आणि सोलापूरच्या बाजार समितीत हंगाम ऐन भरात असताना भाव कोसळले. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाला, म्हणजे जागतिक व्यापार खुला करण्याच्या कराराच्या मसुद्याला, पाठिंबा दिला तेव्हा त्यांच्यावर खूप टीका झाली, पण शेतकऱ्याला लुटतात ती सरकारी बंधनेच, हे त्यांचे म्हणणे मार्केट यार्डात उभे राहिले की समजते. सांगोल्याच्या माळरानावरचे डाळिंब परदेशात जाऊ शकते म्हणूनच त्याची बाग लावणे परवडते.

आपण भांडवलदारांच्या स्वार्थाबद्दलही लिहिले आहे, आणि ते मला मान्य आहे. आमच्याकडचे कारखानदारही स्पर्धेचे गोडवे दुसऱ्याच्या धंद्यापुरतेच गातात. सुताचे भाव चढले की सुताच्या निर्यातीवर बंदी घाला, अशी मागणी सगळ्यांत आधी तेच करतात. म्हणूनच मी भांडवलदारांची नव्हे, त्यांना स्वस्थ बसू न देणाऱ्या बाजाराची बाजू घेतो. त्या बाजारात कामगाराला भविष्यनिर्वाह निधी आणि ठरलेली मजुरी मिळालीच पाहिजे, आणि पूर्व भागात ती सगळीकडे मिळते असे मी म्हणणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा जादा कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा व्यापाराचे दार समोरच्या बाजूने लावले गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत मला तयार करायला आलेल्या कागदपत्रांची संख्या निम्म्याहून कमी झाली होती.