लेटेक्सचे हातमोजे घातले की हात खाजतात. नर्सिंग सोडावं लागेल का?

सोडायची काही गरज नाही, पण खाज कसली ते आधी ओळखा. मोजे घातल्यावर काही मिनिटांत गांधी उठत असतील, शिंका येत असतील, धाप लागत असेल, तर ती लेटेक्समधल्या, म्हणजे नैसर्गिक रबरातल्या, प्रथिनांची ॲलर्जी. ती जिवावरही बेतू शकते. केळं, किवी यांतली काही प्रथिनं लेटेक्समधल्यांसारखीच असतात, म्हणून ती खाल्ल्यावर तोंड खाजतं का, तेही डॉक्टरांना सांगा. एक-दोन दिवसांनी बोटांच्या बेचक्यांत पुरळ येत असेल तर बहुधा रबरातली रसायनं. पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून करायची तपासणी, करून घ्या. पावडरवाले मोजे मात्र वॉर्डातूनच घालवा. शेजारणीने काढले तरी पावडरीबरोबर प्रथिनं हवेत उडतात. अमेरिकेत २०१७ पासून त्यांवर बंदीच आहे. नायट्राइलचे (लेटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे) मोजे इन्चार्ज सिस्टरकडे लेखी मागा. तोंडी मागणी स्टोअरपर्यंत पोचतच नाही.