आम्ही, आपण आणि माओरीतली चार सर्वनामं

प्रश्न असा आहे : मराठीतला 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद दक्षिण आफ्रिकेतली आफ्रिकान्स आणि न्यूझीलंडमधली माओरी या भाषांमध्ये सापडतो का, आणि मराठीतून त्या भाषांत नेताना काय सांभाळायचं?

थोडक्यात उत्तर : आफ्रिकान्समध्ये नाही, आणि माओरीत आपल्यापेक्षाही बारीक आहे.

आधी मराठीतलाच फरक बघा. घरात आलेल्या नव्या सुनेला सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे कढी गोड करतात," तर सून अजून पाहुणी आहे. "आपल्याकडे कढी गोड करतात" म्हणाल्या, तर ती घरची झाली. ऐकणारा माणूस त्या गटात धरलाय की नाही, एवढाच हा भेद. आफ्रिकान्समध्ये दोन्ही वाक्यांना 'बेइ ऑन्स' एवढंच म्हणतील. 'ऑन्स' म्हणजे आम्ही, आपण, आम्हाला, आपल्याला, आमचं, आपलं, सगळं काही. डचमध्ये कर्त्याला 'वेइ' आणि कर्माला 'ऑन्स' असे निराळे शब्द आहेत. डचमधूनच केपमध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या डच वसाहतीत, घडत गेलेल्या आफ्रिकान्सनं कर्त्याचं रूप टाकलं आणि कर्माचंच सगळीकडे चालवलं.

मौज अशी की केपला ईस्ट इंडीजमधून, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या भागातून, आणलेल्या गुलामांपैकी अनेकांच्या बोलण्यात असलेल्या मलायमध्ये हा भेद आहे : 'कामी' म्हणजे आम्ही, 'किता' म्हणजे आपण. मलायमधून आफ्रिकान्सनं केळ्याला 'पिसांग' घेतलं, 'खूप' या अर्थाचा रोजच्या वापरातला 'बाया' घेतला, पण ही सर्वनामं घेतली नाहीत. शब्द सहज उचलले जातात, सर्वनामांची व्यवस्था क्वचितच. माओरी मात्र मलायच्याच मोठ्या ऑस्ट्रोनेशियन कुळातली, त्यामुळे तिच्यात हा भेद वारशानं आला.

माओरीत दोन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय 'आम्ही' म्हणताच येत नाही. किती जण? आणि ऐकणारा त्यात आहे का? मी आणि तू, दोघंच : ताउआ. मी आणि तो किंवा ती, तू नाही : माउआ. तिघं किंवा जास्त, तू धरून : तातोउ. तिघं किंवा जास्त, तू सोडून : मातोउ. सुरुवातीला 'ता' असला तर ऐकणारा आत, 'मा' असला तर बाहेर. शेवटचा 'तोउ' मुळात 'तोरु' म्हणजे तीन या संख्येचा अवशेष आहे. संस्कृतातलं द्विवचन मराठीनं सोडलं, तसं माओरीनं सर्वनामांत सोडलेलं नाही. क्रियापद पुरुषानुसार बदलत नाही, म्हणून सगळा भार या शब्दांवर असतो आणि चूक लगेच उघडी पडते.

एक जोडी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. ख्रिस्ती प्रार्थनेची सुरुवात मराठीत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी आहे. 'आपल्या' नाही, कारण ज्याला हाक मारतोय तो देव त्या 'आम्ही'त येत नाही. माओरीत नेमकं तेच : 'ए तो मातोउ मातुआ'. आफ्रिकान्समध्ये 'ऑन्से फादर', म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही. उलट दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीतातल्या आफ्रिकान्स कडव्यात 'ऑन्से हेमल', आकाश, येतं. तिथे मराठी करणाऱ्याला स्वतःच ठरवावं लागतं. सगळे देशवासी एकत्र गाताहेत आणि त्या ओळीत कुणाला हाक मारलेली नाही, म्हणून मी 'आपल्या आकाशाच्या' करीन.

चुका कुठे होतात? पहिली, 'मी आणि मेरी' या रचनेत. माओरी म्हणेल 'माउआ को मेरे', शब्दशः 'आम्ही दोघं, मेरी'. याचं मराठी 'आम्ही दोघं आणि मेरी' केलं की माणसं तीन होतात. मेरी त्या दोघांतच मोजलेली आहे. उलट दिशेनं, 'मी'चा प्रतिशब्द घेऊन पुढे 'आणि'चा प्रतिशब्द 'मे' जोडला, तर माओरी माणसाला ते शिकाऊ वाटतं.

दुसरी चूक आपल्या 'आपण'मुळे. "आपण कधी आलात?" यातला आपण म्हणजे आदरार्थी तुम्ही. त्याला तातोउ लावलं की पाहुण्याबरोबर यजमानही प्रवास करून आला असं होईल. इथे माओरीत डोकी मोजायची : एकाला कोए, दोघांना कोरुआ, तिघांपासून पुढे कोउतोउ. नमस्कारही त्याप्रमाणेच, 'तेना कोए', 'तेना कोरुआ', 'तेना कोउतोउ'. आपल्यासारखं एकाच वडीलधाऱ्याला आदरानं अनेकवचन लावायला जाऊ नये. आफ्रिकान्समध्ये आदरासाठी वेगळा 'उ' आहे. आणि मुंबईच्या नाक्यावरचं "आपण नाय घाबरत" तर शुद्ध एकवचनी 'मी' आहे, त्याला आफ्रिकान्समध्ये 'एक' आणि माओरीत 'आहाउ' हवं.

आफ्रिकान्समध्ये भेद अजिबातच दाखवता येत नाही असं मात्र नाही. 'कॉम ऑन्स खान' म्हणजे 'चला, जाऊया'. इथे ऐकणारा आत आहेच, जसं मराठीत 'जाऊया'च्या आधी 'आम्ही' बसत नाही. याउलट 'लाट ऑन्स खान' दुहेरी आहे : 'जाऊया' किंवा 'आम्हाला जाऊ द्या'. अनुवादात संदर्भ पाहूनच ठरवा. आणि ऐकणाऱ्याला स्पष्ट बाहेर ठेवायचं असेल, तर ती भाषा सर्वनामाच्या नादी न लागता माणसंच सांगते : 'एक एन मेइ फ्रोउ', मी आणि माझी बायको.