रेल्वेतल्या आजोबांचा रेकॉर्ड शोधताना आधी रेल्वे कोणती ते पाहा

भाऊ, तुम्ही लिहिलंय की आजोबा बीएनआरमध्ये (बंगाल नागपूर रेल्वे) फायरमन, म्हणजे इंजिनच्या भट्टीत कोळसा टाकणारे, होते अन 1959 ला रिटायर झाले, बाकी काहीच माहीत नाही, सुरुवात कुठून करू. मी माझ्या आईच्या वडिलांसाठी हेच करून राहिलोय दोन वर्षांपासून, म्हणून सांगतो.

पहिले हे पक्कं करा की बीएनआरच होती ना. नागपुरात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) पण होती अन घरची माणसं सगळ्यालाच नुसतं 'रेल्वे' म्हणतात. जीआयपीची पुढे मध्य रेल्वे झाली. बीएनआरची पाटी मात्र बदलतच गेली, 1944 ला सरकारनं घेतली, 1952 ला ईस्टर्न, 1955 ला साउथ ईस्टर्न, आणि 2003 पासून नागपूर डिव्हिजन बिलासपूरवाल्या साउथ ईस्ट सेंट्रलकडे. शहरात डीआरएम (डिव्हिजनचे रेल्वे मॅनेजर) ऑफिसं दोन आहेत, मी आरटीआय टाकला तो दुसऱ्याच ऑफिसात, दीड महिना वाया, चूक माझीच. आजीला विचारा, ड्युटी कुठं होती? 'मोतीबाग' म्हणाली तर नॅरो गेज (अरुंद रुळांची लाइन), म्हणजे बीएनआर.

मग घरची पेटी उघडा. पासची जुनी पुस्तकं, पीएफच्या स्लिपा, क्वार्टरची चिठ्ठी, काहीही चालतं, आपल्याला फक्त त्यांचा नोकरीचा किंवा पीएफचा नंबर पाहिजे. पीपीओ (पेन्शनचा आदेश) नाही सापडला तर घाबरू नका, रेल्वेत पेन्शन आली नोव्हेंबर 1957 ला अन तेव्हाच्या लोकांना जुना पीएफ ठेवायची मुभा होती, तुमच्या आजोबांनी तोच ठेवला असेल. आरटीआयला 10 रुपये लागतात, सोबत मृत्यू दाखला अन वारस असल्याचा कागद जोडा, नाहीतर खाजगी माहिती म्हणून परत येतो.

सर्व्हिस शीट (नोकरीच्या नोंदींचा कागद) हाती आली की जपून वाचा. आमच्या आजोबांची जन्मतारीख 1 जुलै निघाली, सगळे खूश, वाढदिवस सापडला म्हणून. पण रेल्वेचा नियमच आहे, फक्त साल माहीत असेल तर 1 जुलै धरायची! आणि घरी सगळे त्यांना 'ड्रायव्हर' म्हणायचे, कागदावर क्लीनर, फायरमन, अन शेवटपर्यंत शंटर, म्हणजे यार्डातच इंजिन-डबे हलवणारा. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

ओळखीच्या खुणेच्या रकान्यात लिहिलंय, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. आईला तो डाग चांगला आठवतो, इंजिनच्या भट्टीनं भाजलं असं ती लहानपणापासून सांगते. पण हा रकाना नोकरीला लावून घेताना भरलेला आहे, शाई अन अक्षर पहिल्या पानाचंच. म्हणजे डाग रेल्वेच्या आधीचा. कशाचा, ते आता मावशीला विचारायचं आहे, ती पुढच्या महिन्यात गोंदियाहून येते.