पाकिटावर 'वॉश्ड' लिहिलंय म्हणजे कॉफी खरंच धुतात का?

धुतात, पण माती काढायला नव्हे. येर्गाचेफे या इथिओपियन कॉफीचं पाकीट आणल्यावर 'घरी बिया पुन्हा धुवाव्यात का' असंही तुम्ही विचारलंय. कृपा करून नको! भाजलेली बी भिजली की गेली.

फणसाची आठळी आठवा. गरा खाल्ला तरी तिच्यावर बुळबुळीत थर राहतो आणि त्याखाली कडक साल. कॉफीच्या लाल फळातल्या बियांचंही तसंच. तो बुळबुळीतपणा नुसत्या पाण्याने जात नाही, त्याला आंबवावं लागतं.

येर्गाचेफे दक्षिण इथिओपियातल्या गेडेओ भागात येतं, उंची १७०० ते २२०० मीटर. मळे वगैरे फारसे नाहीत. घरामागे एन्सेट (आपल्या सह्याद्रीतल्या रानकेळीची नातलग, पण तिचं खोड आणि कंद खातात) आणि तिच्या सावलीत कॉफीची झाडं. दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू होते. पिकलेली फळं त्याच दिवशी वॉशिंग स्टेशनवर पोचवतात. यंत्राने साल निघते आणि बिया टाकीत पडतात. तिथे त्या दीड-दोन दिवस आंबतात, थंडी असली तर तीनही. इडलीच्या पिठाला हिवाळ्यात वेळ लागतो ना, तसंच. मूठभर बिया चोळल्यावर खड्यांसारख्या खरखरल्या की झालं. मग चरांतून पाणी सोडून लाकडी फावड्यांनी घुसळतात. हलक्या बिया पुढे वाहतात, जड मागे राहतात, म्हणजे धुता धुता प्रतवारीही होते.

खरी मेहनत पुढे आहे. जमिनीपासून उंच, जाळीच्या लांबलचक माच्यांवर बिया दहा-पंधरा दिवस वाळतात. दुपारच्या उन्हात आणि रात्री झाकायच्या, मध्ये सारख्या हलवायच्या. खराब बी निवडायला बहुतेक बायकाच असतात. ओलावा ११-१२ टक्क्यांवर आला की पोती भरतात. माझ्या मते चव बिघडते ती बहुधा इथेच, टाकीत नाही.

फळ न सोलता तसंच तीन-चार आठवडे वाळवलं तर ती 'नॅचरल'. ही जुनी रीत, पूर्व इथिओपियातल्या हरारची कॉफी अशीच असते. मी घरी दोन्ही भाजतो. वॉश्ड बीच्या मधल्या चिरेतलं साल भाजल्यावरही फिकट राहतं, नॅचरलचं काळपट होतं. वॉश्डला लिंबू-मोगऱ्याचा वास, नॅचरलला पिकल्या फळांचा.

आपल्याकडे दाक्षिणात्य कॉफीवाल्याकडे 'प्लांटेशन ए' मिळते ना? तीही धुतलेलीच अरेबिका (कॉफीची एक जात). न धुता वाळवलेली ती 'चेरी'. वॉश्डचा आंबटपणा सोसत नसेल तर पुढच्या वेळी येर्गाचेफेचीच नॅचरल मागा, आणि दूध घालू नका.